लाकूड घासण्याचा ड्रम घरच्या घरी



पेरण्या आटोपल्या आणि पावसाने दार अडवले, की निपाणी-खानापूर भागातील पुष्कळसे हौशी शेतकरी पडवीत करवत-रंधा काढून बसतात. कुणाला मधमाश्यांची पेटी करायची असते, कुणाला बसायचा पाट, तर कुणी खिडकीची झडप दुरुस्त करतो. फळी कापणे फार अवघड नाही. ती सर्व ठिकाणी सारख्या जाडीची आणि गुळगुळीत करताना मात्र खांदे भरून येतात. लाकूड बाभळीचे असले तर गाठीपाशी रंधा तंतू उचकटून टाकतो.

या कामासाठी ड्रम सँडर नावाचे यंत्र असते. आडव्या फिरत्या ड्रमवर पॉलिश पेपर गुंडाळलेला असतो व त्याच्याखालून फळी सरकवतात. विकतचे यंत्र सर्वांना परवडत नाही, पण घरी करता येते. आम्ही एक केले, त्यात चुकाही केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हा लेख.

साहित्य

२५ मि.मी. जाडीचा सरळ लोखंडी शाफ्ट, त्याला बसणारी यूसीपी २०५ क्रमांकाची दोन ठोकळा-बेअरिंगे, १८ मि.मी. प्लायवूड, दोन सारख्या पुल्या, पट्टा आणि १ अश्वशक्तीची, मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटर. जुन्या कडबाकुट्टीची याच गतीची मोटर चालते. शाफ्ट वाकडा असेल तर पुढचे सारे श्रम वाया जातात, म्हणून तो बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर तपासून घ्यावा.

कृती

१. प्लायवूडच्या ५ इंच व्यासाच्या १७ चकत्या कापाव्यात. प्रत्येकीच्या मध्यावर २५ मि.मी.चे भोक पाडावे. १७ चकत्या एकास एक चिकटवल्या की सुमारे १२ इंच रुंदीचा ड्रम होतो.

२. चकत्या सरसाने एकमेकींना व इपॉक्सीने शाफ्टला चिकटवाव्यात. नुसत्या चिकटीवर विसंबू नये. दोन्ही टोकांच्या चकत्यांतून शाफ्टच्या आरपार पिन मारावी.

३. भक्कम लाकडी चौकटीवर बेअरिंगे बसवून ड्रम व मोटर जोडावी. ड्रमखाली सपाट टेबल हवे. त्याची आपल्याकडची कड बिजागरीवर आणि पलीकडची कड १० मि.मी.च्या आट्याच्या स्क्रूवर ठेवावी. ड्रम बरोबर मध्ये असेल तर स्क्रूच्या एका फेऱ्यात ड्रमखालचे टेबल सुमारे पाऊण मि.मी. उचलते.

४. नवा ड्रम कधीच अगदी गोल नसतो. टेबलावर सपाट पाट ठेवून त्यावर ६० नंबरचा पेपर चिकटवावा आणि ड्रम चालू ठेवून टेबल हळूहळू वर घ्यावे. ड्रम स्वतःच घासून गोल होतो.

५. आता ७५ मि.मी. रुंद, कापडी पाठीचा ८० नंबरचा पेपर नागमोडी न जाता सर्पिल गुंडाळावा. सुरुवातीचे टोक तिरके कापावे. त्या तिरक्या कडेची लांबी ड्रमच्या परिघाइतकी, म्हणजे ४० सें.मी. असावी. पट्ट्या एकमेकींवर चढू देऊ नयेत.

गतीचा हिशेब सोपा आहे. ४० सें.मी. परीघ गुणिले १४४० फेरे म्हणजे मिनिटाला सुमारे ५७५ मीटर. ही गती ठीक. २८८० फेऱ्यांची मोटर लावली तर ती दुप्पट होते, लाकूड करपते आणि पेपर लवकर भरून जातो.

चालवताना

ड्रमचा खालचा भाग नेहमी आपल्या अंगाकडे येत असावा. म्हणजे फळी त्याच्या विरुद्ध ढकलावी लागते. आमच्या पहिल्या यंत्रात मोटर उलटी फिरत होती. ड्रमने फळी हातातून हिसकावली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळवली. क्षणापूर्वी तिथे एक मुलगा उभा होता. तो पाणी प्यायला गेला म्हणून वाचला. तेव्हापासून आम्ही प्रथम फिरण्याची दिशा पाहतो, मगच फळीला हात लावतो.

दिशा बरोबर असली तरी फळीच्या रेषेत उभे राहू नये, कारण ती मागे उसळू शकते. एका खेपेस स्क्रूचा पाव फेराच द्यावा, बाभळीला त्याहून कमी. एक फुटापेक्षा आखूड तुकडा घालू नये. अर्धी फळी पार झाली की पलीकडे जाऊन ओढून घ्यावी. हातमोजे, लोंबता टॉवेल व पदर यांना इथे मज्जाव. कडबाकुट्टीने बोटे नेलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पट्ट्यावर व ड्रमवर झाकण हवेच.

आणखी एक. पंपाला आपण ऑटो स्टार्टर लावतो, म्हणजे वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. या यंत्राला तो कधीही लावू नये. वीज गेली असता कुणी पेपर बदलत बसला आणि वीज परतली, तर काय होईल याचा विचार करा. वीज गेली की सुटणारा व बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्टार्टरच घ्यावा. अर्थिंग करावे.

छातीची काळजी

निपाणीच्या वखारीत ज्यांनी तंबाखू चाळली, त्यांना खकाणा म्हणजे काय ते सांगायला नको. लाकडाचा खकाणाही तसाच वैरी. रंध्याचा भुसा खाली पडतो, पण घासलेली बारीक धूळ हवेत तरंगत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदवली. नाक व त्याभोवतीच्या पोकळ्यांना तिच्यापासून विशेष धोका असतो. शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगाला खाजही सुटते.

म्हणून ड्रमच्या झाकणाला नळी जोडून धूळ ओढणारे यंत्र लावावे. ते नसेल तर उघड्या पडवीत, वारा धूळ आपल्यापासून दूर नेईल असे उभे राहावे. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मुखपट्टी घ्यावी. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. पोरांना व दमेकऱ्यांना जवळ बसवू नये.

ज्यांना यंत्र पाहायचे असेल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर आमच्याकडे यावे. दाखवू, आणि चालवूनही देऊ. मुखपट्टी मात्र प्रत्येकाने आपापली आणावी.