कर्नल साइक्स आणि दख्खनचे पक्षी

शाळेच्या पटांगणावर घिरट्या घालणाऱ्या घारीचें शास्त्रीय नांव मिल्व्हस मायग्रान्स गोविंदा असें आहे. ‘गोविंदा’ हें नांव तिला कोणा शास्त्रीबुवांनीं नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेंतील एका अधिकाऱ्यानें दिलें.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० सालीं इंग्लंडांत झाला. कोवळ्या वयांतच ते कंपनीच्या चाकरींत शिरले आणि १८०५ सालीं भरतपूरच्या वेढ्यांत लढले. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकी व पुणें येथें पेशव्यांच्या फौजेशीं झालेल्या लढायांतही ते होते. ज्या मुलखावर त्यांनीं हत्यार उचललें, त्याच मुलखाचीं पाखरें पुढें त्यांनीं मोजावीं, हा योग विलक्षणच म्हणावयाचा!

१८२४ सालीं मुंबई सरकारनें त्यांस दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमिलें. त्या निमित्तानें गांवोगांव हिंडतां हिंडतां त्यांनीं पशु, पक्षी व मासे गोळा केले. त्या काळीं पक्ष्याची जात ठरविण्यासाठीं तो मारावाच लागे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. १८३२ सालीं त्यांनीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या द्वारें दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तींत सुमारें २३६ जाती होत्या आणि त्यांपैकीं ५६ शास्त्रास नव्या होत्या. नव्या त्या शास्त्रासच. ओढ्याकांठीं ध्यान लावून बसणारी ढोकरी आपल्या कुणब्यांस काय ठाऊक नव्हती? पण तिचें रीतसर वर्णन प्रथम साइक्स यांनीं केलें. घारीविषयीं ते लिहितात कीं, ती कोंबडीच्या पिलांवर झडप घालतेच, पण मुदपाकखान्यांतून घरांत नेत असलेल्या मांसाच्या ताटावरही झेपावण्यास कचरत नाहीं. असें वाक्य तंबूंत राहून स्वतः पाहिल्यावांचून लिहितां येत नाहीं.

त्यांनीं ठेवलेलीं नांवें मोठीं मौजेचीं आहेत. एका चंडोलास ‘देव’, एका वटवट्यास ‘राम’, तर सातभाईंच्या एका जातीस मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें नांव! माशांच्या बाबतींत तर खुद्री, शिंगटी हीं लोकांच्या तोंडचीं नांवेंच त्यांनीं लॅटिनांत नेलीं.

१८३३ सालीं ते कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. पुढें ते कंपनीचे संचालक व अध्यक्ष झाले, १८५७ पासून ॲबर्डीनतर्फे पार्लमेंटांत बसले आणि १८७२ सालीं लंडनमध्यें वारले.

त्यांचा ‘देव’ चंडोल आजही दख्खनच्या खडकाळ माळांवर जमिनींतच घरटें करितो. पुण्याभोवतालचे माळ मात्र दरसाल घरांखालीं जात आहेत.