सापळा, परवाना आणि शुल्क

पावसाळा ओसरून तेरणेचे पाणी निवळू लागले, की आमच्या तेर गावच्या काठी जाळी, गळ व सापळे घेतलेली माणसे दिसू लागतात. मागे वर्गात जलचरांचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, पाणी पावसाचे, मासा नदीचा, मग तो धरण्यास परवाना कशाला आणि पैसे कशाचे?" त्याच्या घरची चूल मासेमारीवर चालते, हे आम्हांस ठाऊक होते. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

प्रथम सापळ्यात सापडणारे जीव पाहू. वाम हा सापासारखा लांब मासा दिवसा दगडांच्या सांदीत दडतो व रात्री भक्ष्यार्थ बाहेर पडतो. अहीर दिसण्यात त्याच्यासारखाच, पण त्याचा जन्म समुद्रात होतो. त्याची पिले नद्यांत चढून येतात, गोड्या पाण्यात कित्येक वर्षे वाढतात आणि आयुष्यात एकदाच समुद्रास परत जाऊन, अंडी घालून मरतात. आपल्या तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीस व पुढे बंगालच्या उपसागरास मिळते. त्या वाटेवर निजामसागर, श्रीरामसागर व धवळेश्वरम येथे बांध उभे आहेत. ज्या जीवाची वाट अशी अडलेली, तो परतण्यापूर्वीच धरला गेला, तर त्याची संतती कोठून येणार? विलायतेतील नद्यांत नांग्यांचा क्रेफिश असतो. आपल्याकडे तो मूळचा नाही, त्याच्या जागी खेकडे व झिंगे आहेत.

आता सापळ्याचा गुण पाहा. गळ टाकणारा मनुष्य पाण्यापाशी जागा असतो. सापळा मात्र धनी झोपला तरी काम करीत राहतो. पिलू कोणते, अंड्यांवर आलेली मादी कोणती, हे त्यास कळत नाही. म्हणून सापळे कोणी लावले, किती लावले व कोणत्या ऋतूत लावले, हे कोणास तरी ठाऊक असले पाहिजे. परवाना म्हणजे या हिशेबाची वही होय. इंग्लंडात क्रेफिशच्या सापळ्यास सरकारी परवानगीचा बिल्ला बांधावा लागतो, आणि त्याचे तोंड ९५ मिलिमीटरहून रुंद असल्यास त्यास आडकाठी बसवावी लागते. नाहीतर पाणमांजर आत शिरून बुडून मरते.

ही कल्पना आपल्या देशास नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मासे धरणाऱ्यांनी सहावा हिस्सा द्यावा, असे सांगितले आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींस मासे मारण्यास व विकण्यासही मनाई आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९७ च्या कायद्याने पाण्यात सुरुंग उडवून अथवा विष कालवून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आज येथे १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम लागू आहे, आणि जलाशयांतील मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांस मुदतीच्या ठेक्याने देण्याची रीत आहे.

परंतु विद्यार्थ्याच्या प्रश्नातील काटा अजून निघाला नाही. शुल्क जड झाले, तर ते भरणारा धनिक ठेकेदार पुढे येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणारा भोई आपल्याच नदीवर मजूर होतो. असे शुल्क न्यायाचे नव्हे. शुल्क इतके हलके असावे, की गरिबास ते एका दिवसाच्या कमाईतून भरता यावे. आणि नियम इतका कडक असावा, की सुरुंग लावणाऱ्यास तो चुकविता येऊ नये. मग तोच परवाना गरिबाच्या हातातील ढाल होतो; कारण एका सुरुंगाने होणारा नाश शंभर सापळ्यांनी होत नाही.

आम्ही त्या विद्यार्थ्यास इतकेच सांगितले, "बाळ, हे पैसे पाण्याचे नव्हेत, माशाचेही नव्हेत. पुढल्या वर्षीही तुझ्या वडिलांस मासा मिळावा, म्हणून राखणदारीचा तो आपला वाटा आहे." पालकांसही आमची विनंती आहे, की सापळ्यात लहान मासा आला, तर तो मुलांच्या हातून परत पाण्यात सोडावा. या धड्यास शुल्क पडत नाही.