डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी व ऱ्हस्वदृष्टी

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने डोळ्यास दिव्याची उपमा दिली आहे. त्या दिव्याची रचना उपदेशक व शिक्षक यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ज्या मुलास फळ्यावरील अक्षर दिसत नाही, ते आपल्या गावी बहुधा मंद अथवा आळशी ठरते, व पुढे त्याची शाळाच सुटते.

कोल्हापूर-मिरजेकडील मंडळ्यांस मोतीबिंदू ठाऊक आहे. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेस रुग्णालय उघडले, तेथे त्याच्या शस्त्रक्रिया होत. त्या विकारात डोळ्यातील भिंग गढूळ होते. ऱ्हस्वदृष्टीत भिंग स्वच्छच असते. परंतु डोळ्याचा गोल पुढून मागे प्रमाणाबाहेर लांबतो. प्रौढ मनुष्याचा डोळा सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो. तो एकच मिलिमीटर अधिक वाढला, तरी अडीच-तीन नंबरचा चष्मा लागतो. कारण दूरच्या वस्तूची प्रतिमा मागील पडद्यावर न पडता अलीकडेच पडते.

हा पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्यात सुमारे 12 कोटी दंडपेशी असून त्या अंधुक उजेडात उपयोगी पडतात. सुमारे 60 लक्ष शंकुपेशी रंग व बारीक अक्षर दाखवितात. याखेरीज तिसऱ्या प्रकारच्या थोड्या पेशी आहेत, असे 2002 च्या सुमारास सिद्ध झाले. त्या मुख्यतः उजेड किती आहे एवढेच मेंदूस कळवितात. दृष्टिपटलावर विपुल प्रकाश पडला म्हणजे त्यातून डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते, व ते डोळ्याच्या अतिवाढीस आळा घालते, असे शास्त्रज्ञ मानतात.

आता खोलीतील उजेड काहीशे लक्स, तर उघड्यावरील दहा हजारांहून अधिक. झाडाच्या सावलीतही तो खोलीतल्याच्या कित्येक पट असतो. चीनमधील ग्वांगझू शहरी पहिलीच्या मुलांस रोज 40 मिनिटे अधिक बाहेर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यात शेकडा 30, तर इतर मुलांत जवळजवळ 40 जणांस ऱ्हस्वदृष्टी जडली, असे 2015 साली प्रसिद्ध झाले. आनुवंश व सतत जवळचे पाहणे हीही कारणे आहेतच. तथापि शब्बाथशाळेचा वर्ग लिंबाखाली भरविण्यास काय हरकत आहे? सूर्याकडे टक लावून मात्र कोणी पाहू नये. त्याने दृष्टिपटल भाजते.

लांबलेला डोळा उन्हाने पुन्हा आखूड होत नाही. त्यास अंतर्वक्र भिंगाचा चष्माच हवा. चष्म्याने नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे. आणि लग्न जमणार नाही म्हणून मुलीचा चष्मा पेटीत ठेवणाऱ्या आईबापांस काय म्हणावे!

परीक्षा सोपी आहे. मंदिरातील फलकावरील गीतांचे क्रमांक मुलाकडून वीस फुटांवरून वाचवून घ्यावे; आधी एक डोळा तळहाताने झाकून, मग दुसरा. जे आकडे इतर मुले सहज वाचतात ते ज्यास वाचता येत नाहीत, त्यास कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रवैद्याकडे न्यावे, आणि चष्मा येईपर्यंत त्यास वर्गात पहिल्या ओळीत बसवावे.