पंचवीस सेंटांचे ‘उद्याचे जग’

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरखान्यातील मोडी कागद उभे राहतात. माझीही समजूत याहून वेगळी नव्हती. गेल्या वर्षी आमच्या सरांनी तृतीय वर्षाच्या वर्गाला एक स्वाध्याय दिला : ज्याला कोणी इतिहासाचे साधन म्हणणार नाही असा एखादा छापील कागद निवडायचा आणि साक्षीदाराची घ्यावी तशी त्याची उलटतपासणी घ्यायची. कोणी लग्नपत्रिका निवडली, कोणी नाटकाची जाहिरात. मी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी १९३९ आणि १९४० साली निघालेली दोन कॉमिक्स निवडली. वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “हरकत नाही. पण कागद काय सांगतो तेवढे लिहून थांबू नकोस. काय सांगत नाही, तेही लिही.”

या निवडीमागे एक घरगुती कारण होते. ते लपवून पुढचे लिहिणे बरे नव्हे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माझ्या मामांची पत्र्याची ट्रंक मी रिकामी केली. तिच्यात त्यांच्या लहानपणची मराठी इंद्रजाल कॉमिक्स होती. मी ती किलोच्या भावाने रद्दीत घातली. संध्याकाळी मामा आले, त्यांनी ट्रंक उघडली आणि पुन्हा मिटली. “जाऊ दे रे,” एवढेच ते म्हणाले. पुढे मामींकडून कळले, की प्रत्येक अंकाच्या आतल्या पानावर मामांनी तो कधी आणि कुठे घेतला ते पेन्सिलीने लिहून ठेवले होते. बहुतेक अंक सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत घेतलेले होते. म्हणजे मी रद्दी नव्हे, एका मुलाची दहा वर्षांची रोजनिशी विकली होती. तेव्हापासून जत्रेत घेतलेल्या पुस्तकांविषयी माझ्या मनात एक सल आहे. असो.

प्रदर्शनाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात फ्लशिंग मेडोज नावाची जागा आहे. कधीकाळी तेथे शहरातील राखेचे आणि केरकचऱ्याचे डोंगर होते. स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) या कादंबरीतील राखेची दरी ती हीच. हा उकिरडा सपाट करून १,२१६ एकर जागेवर जागतिक प्रदर्शन उभारण्यात आले. जॉर्ज वॉशिंग्टनच्या अध्यक्षपदग्रहणाला दीडशे वर्षे झाल्याचे निमित्त साधून ३० एप्रिल १९३९ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या समारंभाचे दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपणही झाले. ‘उद्याचे जग’ हे प्रदर्शनाचे घोषवाक्य होते.

मध्यभागी दोन पांढऱ्याशुभ्र वास्तू होत्या : ‘ट्रायलॉन’ हा सहाशे फुटांहून उंच, टोकदार मनोरा आणि ‘पेरिस्फिअर’ हा १८० फूट व्यासाचा गोल. गोलाच्या पोटात भविष्यातील आदर्श नगराची प्रतिकृती मांडली होती. जनरल मोटर्सच्या दालनात १९६० सालची अमेरिका कशी असेल ते दाखविले होते. रुंद रस्ते, वेगवान मोटारी, आणि गर्दीचा पत्ता नाही! दहा वर्षांच्या मंदीने गांजलेल्या लोकांना हा उद्या पाहायला मिळत होता, आणि तोही तिकीट काढून. प्रौढांना ७५ सेंट, मुलांना २५ सेंट.

पहिला अंक : १९३९

सुपरमॅनचा जन्म १९३८ सालचा. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो प्रथम झळकला आणि वर्षभरात मुलांच्या गळ्यातील ताईत झाला. त्याच्या प्रकाशकांनी, म्हणजे पुढे डी.सी. या नावाने जगभर प्रसिद्ध झालेल्या संस्थेने, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअर कॉमिक्स’ ही खास स्मरणिका काढली. नेहमीचे कॉमिक चौसष्ट पानांचे आणि १० सेंटांना मिळे. हा अंक ९६ पानांचा, जाड पुठ्ठ्यासारख्या कागदाच्या वेष्टनाचा आणि २५ सेंट किमतीचा होता.

ही किंमत आपण नीट पाहिली पाहिजे. लहान मुलाचे तिकीट २५ सेंट आणि हे पुस्तकही २५ सेंट. म्हणजे एक मूल आत न्यायला जितके पैसे लागत, तितकेच त्याच्या हातात हे पुस्तक ठेवायला लागत. दोन-तीन मुले घेऊन आलेल्या कामगार बापाने काय निवडले असेल ते सांगायला नको. अंक अपेक्षेप्रमाणे खपेना. तेव्हा जुन्या किमतीवर चिकटपट्टी लावून तो १५ सेंटांना विकायला काढण्यात आला. मंदीच्या काळातील घरखर्चाची ओढाताण या चिकटपट्टीइतकी थोडक्यात मला दुसरीकडे कोठे वाचायला मिळाली नाही.

मुखपृष्ठावर आणखी एक गंमत आहे. सुपरमॅनचे केस काळे, हे शेंबडे पोरही सांगेल. या मुखपृष्ठावर मात्र ते सोनेरी छापले गेले आहेत. आज ज्याची प्रतिमा मूर्तीसारखी पक्की झाली आहे, तो नायक त्या वेळी इतका नवा होता, की खुद्द त्याच्याच घरी त्याच्या केसांचा रंग चुकला! चूक ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला अनेकदा उपयोगी पडते, ती अशी.

आतल्या सुपरमॅनच्या कथेत क्लार्क केंट आणि लुईस लेन हे वार्ताहर प्रदर्शनाला येतात. दुसरा एक नायक आहे झटारा नावाचा जादूगार. मराठी वाचकाला तो पाहताच ओळखीचा वाटेल, कारण उंच टोपी, पायघोळ झगा आणि मिशा हा सारा थाट ली फॉक यांच्या १९३४ सालच्या मँड्रेकवरून उचललेला आहे. मामांच्या ट्रंकेतील मँड्रेकचा हा अमेरिकेतील धाकटा भाऊच म्हणायचा.

पण मला थबकविले ते तिसऱ्या नायकाने. त्याचे नाव सँडमॅन. याच अंकात तो वाचकांपुढे प्रथम आला. ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’ या त्याच्या नेहमीच्या मासिकात तो त्यानंतर आला. हा नायक तोंडावर विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चढवून हिंडतो. १९३८ च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये युद्धाच्या धास्तीने कोट्यवधी नागरिकांना असेच मुखवटे वाटले गेले होते. ‘उद्याचे जग’ म्हणून मुलांच्या हाती दिलेल्या स्मरणिकेत एक वीर हा मुखवटा लावून उभा आहे. चित्रकाराच्या मनात तेव्हा काय होते, याविषयी काही म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु हा नायक ज्याच्या कुंचल्यातून उतरला त्या बर्ट क्रिस्टमन याने पुढे वैमानिकाचे काम पत्करले. जपानी विमानांशी लढताना २३ जानेवारी १९४२ रोजी ब्रह्मदेशात, रंगूनजवळ, तो मारला गेला. तो उद्या त्याच्या वाट्याला असा आला.

दुसरा अंक : १९४०

प्रदर्शनाचे दोन हंगाम झाले. पहिला हंगाम चालू असतानाच १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. चेकोस्लोव्हाकिया हा देश तर मार्चमध्येच गिळंकृत झाला होता. तरी त्याचे दालन उघडेच राहिले. देश नाही, पण दालन आहे! रशियाचे दालन पहिल्या हंगामानंतर पाडण्यात आले. १० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंड आणि बेल्जियममध्ये घुसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी, ११ मे रोजी, प्रदर्शनाचा दुसरा हंगाम सुरू झाला. आता ‘उद्याचे जग’ मागे पडले होते. नवे घोषवाक्य होते ‘शांतता आणि स्वातंत्र्यासाठी’. प्रौढांचे तिकीटही ५० सेंटांवर आले. प्रदर्शनाच्या चालकांनीही, पुस्तकाप्रमाणेच, जुन्या किमतीवर चिकटपट्टी लावली म्हणायची.

दुसरा अंक ९६ पानांचाच, पण आरंभापासून १५ सेंटांचा. मुखपृष्ठ जॅक बर्नली याने काढले आहे. सुपरमॅन, बॅटमन आणि रॉबिन एकत्र उभे आहेत आणि मागे तो मनोरा व तो गोल. सुपरमॅन आणि बॅटमन एका मुखपृष्ठावर दिसण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुस्तक उघडावे तर मात्र दोघांची गाठ पडत नाही. याची कथा वेगळी, त्याची वेगळी. एकाच कथेत त्यांची ओळख व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. मुखपृष्ठाने दिलेला शब्द पाळायला बारा वर्षे लागली! वरून एकोपा आणि आत ज्याचा त्याचा सवता सुभा, ही गोष्ट त्या वर्षीच्या राष्ट्रांच्या दालनांनाही लागू पडते, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

मुखपृष्ठावर युद्धाची सावलीसुद्धा नाही. तिघेही प्रसन्न आहेत. आत बॅटमनच्या कथेत एक दुष्ट शास्त्रज्ञ पोलाद निकामी करणारे किरण शोधून काढतो आणि पूल कोसळवितो. अर्थात बॅटमन त्याचा बंदोबस्त करतो आणि प्रदर्शन सुखरूप राहते.

प्रत्यक्षात काय घडले? ३ जुलै १९४० हा दिवस प्रदर्शनात ‘सुपरमॅन दिन’ म्हणून साजरा झाला. सुपरमॅनचा वेष केलेला नट मुलांच्या गर्दीत वावरला. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ब्रिटिश दालनात एक संशयास्पद पेटी सापडली. गर्दीपासून दूर नेऊन ती तपासत असताना स्फोट झाला आणि दोन पोलीस ठार झाले. गुन्हेगार कधीच सापडला नाही. या दोन तारखा मी वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ पुढे काही लिहू शकलो नाही. कॉमिकमध्ये नायक वेळेवर येतो. येथे वेळेवर आले ते दोन पगारी नोकर, आणि त्यांची गोष्ट कोणत्याही स्मरणिकेत छापलेली नाही.

सरांच्या प्रश्नाचे एक उत्तर मला येथे सापडले. दुसरे उत्तर पैशाचे आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८ साली त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांना देऊन टाकले. प्रदर्शनात सुपरमॅनचा दिवस साजरा होत होता, तेव्हा तो त्यांच्या मालकीचा उरला नव्हता. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, दारिद्र्य आले, आणि १९७५ साली कोठे त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नाव परत मिळाले.

शेवट कोणाचा?

२७ ऑक्टोबर १९४० रोजी प्रदर्शन बंद झाले. दोन हंगामांत मिळून साडेचार कोटींच्या आसपास लोक आले, तरीही खर्च भरून निघाला नाही. मनोरा आणि गोल पाडण्यात आले आणि त्यांचे पोलाद युद्धसामग्रीसाठी गेले. बॅटमनच्या कथेतील किरणांना जे साधले नाही, ते युद्धाने करून दाखविले. पाठोपाठ अमेरिकेत युद्धासाठी रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी देशप्रेमाने आपली कॉमिक्स गाड्यांवर नेऊन टाकली. आज या दोन अंकांच्या चांगल्या स्थितीतील प्रती फार थोड्या उरल्या आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी हजारो डॉलर मोजतात. मीही मूळ अंक पाहिलेले नाहीत. त्यांची पाने संगणकाच्या पडद्यावरच वाचली.

पुस्तकाचा वंश मात्र चालू राहिला. दोन्ही अंकांच्या अनुभवावरून प्रकाशकांनी १९४१ साली ‘वर्ल्ड्स बेस्ट कॉमिक्स’ काढले. तेही ९६ पानांचे आणि १५ सेंटांचे. दुसऱ्या अंकापासून त्याचे नाव ‘वर्ल्ड्स फाइनेस्ट’ झाले आणि ते १९८६ पर्यंत चालले. पोलादाचा मनोरा दोन वर्षांत गेला, आणि त्याच्या पायथ्याशी विकलेल्या चोपडीची परंपरा पंचेचाळीस वर्षे टिकली.

स्मरणिका हे साधन कसे वाचावे, याविषयी मला या अभ्यासातून चार प्रश्न मिळाले. तिची किंमत काय होती आणि ती कोणाला परवडत होती? ती प्रसंगाच्या आधी तयार झाली की नंतर? (१९३९ चा अंक प्रदर्शनाच्या आरंभालाच विक्रीस आला, तेव्हा त्यातील प्रदर्शन हे पाहिलेले नसून ऐकलेले आणि अपेक्षिलेले आहे.) तिच्यात चुका कोणत्या आहेत? आणि तिने कोणाला वगळले आहे? हे चार प्रश्न आपल्याकडील साहित्य संमेलनाच्या, सहकारी संस्थेच्या रौप्यमहोत्सवाच्या किंवा गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेलाही विचारता येतील. तीत जाहिराती असतात, मान्यवरांची छायाचित्रे असतात. मांडव घालणाऱ्याचे नाव बहुधा नसते.

स्वाध्याय सरांना दिल्यानंतर मी मामांकडे गेलो. कोरी वही पुढे ठेवली आणि म्हणालो, “मामा, ट्रंकेतले जेवढे आठवते तेवढे सांगा.” पहिल्यांदा ते नको नको म्हणाले. मग सांगू लागले : कोणता अंक, कोणत्या साली, गड्ड्यावर कोणाचा हात धरून गेलो होतो, घरी आल्यावर कोणी रागावले. आतापर्यंत त्रेचाळीस अंकांची नोंद झाली आहे. गेलेली पाने काही परत येणार नाहीत. आठवणीतील तारखा चुकणार, हेही मला माहीत आहे. तरी त्या वहीला मी साधन मानतो.

विद्यार्थिमित्रांना एवढीच विनंती, की यंदाच्या दिवाळीत ट्रंक रिकामी करण्यापूर्वी आतले पान एकदा उलटून पाहावे.