आवाज अडकतो तेव्हा : स्पाझ्मोडिक डिस्फोनिया समजून घेऊया



आपलं सगळं काम आवाजावर चालतं. आठवडाभर शिकवून घसा बसला की आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, रविवारी जरा गप्प बसतो आणि सोमवारी पुन्हा वर्गात उभे राहतो. पण काहींचा आवाज विश्रांतीनेही सुटत नाही. शब्द मध्येच तुटतो, कोणी गळा आवळल्यासारखा वाटतो. आजूबाजूचे म्हणतात, "घाबरता कशाला? मोकळं बोला की!" पण कारण भीती नसेलच तर?

आजार काय आहे?
यात स्वरयंत्राच्या स्नायूंना मेंदूकडून चुकीचे संदेश जातात आणि बोलताना ते आपोआप आकसतात. घशात गाठ किंवा सूज नसते. नेमकं कारण अजून कळलेलं नाही. बहुधा मध्यम वयात सुरुवात होते आणि स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त आहे.

मुख्य प्रकार दोन :
१) स्वरतंतू घट्ट मिटतात. आवाज दाबलेला, तुटक येतो. हा प्रकार जास्त आढळतो.
२) स्वरतंतू नको तेव्हा उघडतात. हवा निसटते, आवाज कुजबुजल्यासारखा होतो.

हसताना, गाताना मात्र आवाज बऱ्याचदा ठीक येतो! म्हणूनच "नाटक करते" असा शिक्का बसतो. पूर्वी डॉक्टरही याला मानसिक आजार समजत. ताणाने त्रास वाढतो, पण ताण हे मूळ कारण नव्हे.

उपचार
१९८४ पासून यावर बोटॉक्सचं इंजेक्शन वापरलं जातं. ते स्वरयंत्राच्या स्नायूत दिलं की स्नायू सैल पडतो. सुरुवातीला आवाज बारीक होतो, पाणी पिताना ठसका लागू शकतो. मग साधारण तीन-चार महिने बोलणं सोपं जातं; नंतर इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं. सोबत स्पीच थेरपीची मदत होते. आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो.

आपण काय करायचं?
• आवाज तीन आठवड्यांहून जास्त बिघडलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. दुर्बिणीने स्वरतंतू पाहतात. गरज पडल्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतात.
• अशा सहकाऱ्याला वर्गात माइक मिळवून द्या.
• त्यांचं वाक्य आपण पूर्ण करू नका. थोडं थांबा. त्यांना काय बोलायचंय ते ठाऊक असतं, फक्त आवाज अडतो.