लहान मेजासाठी संगणकाचा पडदा कसा निवडावा?



कॅनडात आपल्या पिढीतील पुष्कळ मंडळी आता लहान फ्लॅटमध्ये किंवा मुलांच्या घरी एका खोलीत राहतात. खिडकीशी एक लहानसे मेज असते व त्यावर मुलाने आणून दिलेला लॅपटॉप. इस्राएलमधील बहिणीशी आणि ठाण्यातील भाच्याशी बोलणे त्यावरच होते. १८७४ साली पुण्यात छापलेल्या सचित्र मराठी हगाद्याची पानेही त्यावर पाहता येतात. परंतु अक्षर बारीक दिसते, मान अवघडते आणि माणूस हळूहळू वाचनच सोडून देतो. असे होऊ नये म्हणून वेगळा सपाट पडदा, म्हणजेच मॉनिटर, घेणे बरे. मात्र तो घेताना नुसत्या आकारावर जाऊ नये. लहान मेजासाठी खरे प्रश्न दोन: डोळ्यापासून अंतर किती, आणि अक्षर रेखीव किती?

पडदा चालतो कसा?

द्रव-स्फटिक हा पदार्थ १८८८ साली फ्रीडरिश राइनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आला. त्याचा उपयोग करून केलेला पडदा अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९६८ साली जाहीर केला. पडद्याच्या मागे दिवे असतात. पुढे लाखो बारीक ठिपके असतात व प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. विजेच्या इशाऱ्याने स्फटिक वळतात, प्रकाश अडवतात किंवा सोडतात, आणि त्यातून अक्षर उमटते. म्हणजे आपण वाचतो ते ठिपक्यांचे अक्षर होय.

आधी मेज मोजा

पडद्याचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. रुंद आकाराचा २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर उंच असतो. २७ इंची पडदा ६० सेंटीमीटर रुंद भरतो.

मेजाची रुंदी सगळेच पाहतात, खोली कोणी पाहत नाही. समजा, मेज ५० सेंटीमीटर खोल आहे. पडद्याचा पाय भिंतीला टेकवला तरी पडदा भिंतीपासून सुमारे २० सेंटीमीटर पुढे येतो. उरलेल्या ३० सेंटीमीटरमध्ये कीबोर्ड बसतो. आपले डोळे मेजाच्या काठामागे साधारण २० सेंटीमीटरवर असतात. एकूण अंतर झाले ५०. वाचनासाठी पडदा हातभर अंतरावर असावा, म्हणून हे अंतर कमीत कमीच समजावे. एवढ्या जवळून २७ इंची पडद्याचे कोपरे पाहायला मान वळवावी लागते. अशा मेजाला २२ किंवा २४ इंच पुरे.

मेजाच्या काठाला शिकंजाने बसणारा धातूचा हातही मिळतो. त्याने पडदा मागे सरकतो व खालची जागा मोकळी होते. त्यासाठी पडद्याच्या पाठीला चार भोके असावी लागतात. ती बहुधा १०० मिलिमीटर बाजूच्या चौकोनात असतात. मेजाची फळीही तो भार पेलण्याइतकी भक्कम हवी.

मग ठिपके मोजा

२४ इंची पडद्यावर आडव्या रांगेत १९२० ठिपके असतील, तर ५३ ने भागून एका सेंटीमीटरमध्ये ३६ ठिपके येतात. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले की ३२ च उरतात. म्हणजे पडदा मोठा झाला, पण अक्षर खरबरीत झाले. २४ इंचांवर २५६० ठिपके असतील तर सेंटीमीटरमागे ४८ येतात.

आपल्याला याचे महत्त्व इतरांहून अधिक आहे. इब्री लिपीत त्सेरेचे ठिपके दोन व सेगोलचे तीन. पताह व कामात्स यांत फरक एका लहानशा रेघेचा. बेथ आणि काफ, दालेत आणि रेश यांत फरक एका कोपऱ्याचा. मराठीत घ आणि ध, किंवा मद आणि मंद. ठिपके विरळ असले की हे भेद पुसट होतात व वाचणारा अंदाजाने वाचू लागतो. प्रार्थना अंदाजाने वाचायची नसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठिपके दाट झाले की अक्षरे रेखीव होतात, पण आकाराने लहानही दिसतात. तेव्हा संगणकाच्या मांडणीत जाऊन अक्षरे सव्वापट किंवा दीडपट करावीत.

मान, चष्मा आणि उजेड

बायफोकल चष्म्यातून वाचायचे भिंग खाली असते. पडदा उंच असला की हनुवटी वर करून पाहावे लागते व तासाभरात मान धरते. म्हणून वरखाली होणारा व मागे कलणारा पाय असलेला पडदाच घ्यावा, आणि चष्मेवाल्यांनी तो नेहमीपेक्षा खाली ठेवावा. डोळे तपासून घेताना पडद्याचे अंतर सेंटीमीटरमध्ये सांगावे. त्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो.

उजेडाच्या बाबतीत हा देश मुंबईहून वेगळा आहे. डिसेंबर अखेरीस भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो, टोरॉन्टोत जेमतेम २३ अंश. तो थेट खिडकीतून आत येतो आणि बाहेरच्या बर्फावरूनही चमकतो. तेव्हा काचेसारखा चकचकीत पडदा घेऊ नये, निस्तेज पृष्ठभागाचा घ्यावा. खिडकी पडद्याच्या पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला ठेवावी.

नातवंडांना शेजारी बसवून आलेफ-बेथ शिकवायचे असेल तर आयपीएस प्रकारचा पडदा मागावा. तो बाजूने पाहिला तरी रंग फारसे बदलत नाहीत. स्वस्तातल्या टीएन प्रकारात बाजूला बसलेल्याला चित्र फिके दिसते.

विकत घेताना

आपल्या लॅपटॉपला एचडीएमआय की यूएसबी-सी तोंड आहे हे पाहून मगच निघावे. प्रत्येक यूएसबी-सी तोंडातून चित्र जातेच असे नाही, हेही विचारून घ्यावे. छापील किमतीवर कर लागतो, ऑन्टारिओत १३ टक्के. काही प्रांतांत जुन्या विद्युत वस्तूंच्या विल्हेवाटीचे शुल्कही लागते. परत करण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी व तोवर खोके टाकू नये.

स्वाध्याय

१. मेजाची खोली मोजा व डोळ्यापासून पडद्याचे अंतर काढा.
२. पुठ्ठ्याचा ५३ बाय ३० सेंटीमीटरचा तुकडा कापून मेजावर उभा करा व समोर पंधरा मिनिटे बसून पाहा.
३. दुकानात रंगीत चित्रे पाहत बसू नका. निकुदसह इब्रीचे एक पान व मराठीचे एक पान लावायला सांगा. नेहमीचा चष्मा लावून हातभर अंतरावरून त्सेरे आणि सेगोल वेगळे ओळखू आले, तर तो पडदा आपल्या कामाचा.

सर्वांना शालोम.