प्रयोगशाळेतली खाज अंगावर काढू नका

‘डॉक्टर, इतकी वर्षं हेच काम करतोय, आत्ताच कसं झालं?’ हा प्रश्न लॅब टेक्निशियन आणि कॉलेजातले प्रयोगशाळा परिचर हमखास विचारतात. ॲलर्जी पहिल्या स्पर्शाला होत नाही. शरीराला आधी त्या रसायनाची ओळख पटावी लागते, आणि ती कधी पंधरवड्यात पटते, कधी अनेक वर्षांनी. गाजर गवताचं तसंच आहे. वर्षानुवर्षं ते उपटणाऱ्या शेतकऱ्याचीच मान आणि पापण्या एखाद्या पावसाळ्यात लाल होतात. एकदा ओळख पटली की पुढे थोडंसं रसायनही पुरतं.

हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्यामुळे मृतदेह टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनशी संबंध येणारी तरुण मुलं आता आपल्याच गावात आहेत. फॉर्मेलिनने डोळे सगळ्यांचेच चुरचुरतात, ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत बोटांच्या बेचक्यांत, हाताच्या पाठीवर बारीक पाणीदार पुरळ येतं आणि विलक्षण खाजतं. तेही एक-दोन दिवसांनी. सोमवारी हात लागला आणि बुधवारी खाज सुटली, तर माणूस बुधवारच्या जेवणाला दोष देतो!

पुरळ मनगटावर रेघ मारल्यासारखं थांबत असेल, तर मला आधी हातमोज्यांचाच संशय येतो. रबर बनवताना घातलेली रसायनंही बाधतात. शिवाय पातळ लॅटेक्समधून फॉर्मेलिन आत झिरपतं. नायट्राइलचे मोजे घाला, सांडलं की लगेच बदला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं पोटॅशियम डायक्रोमेट बाधत असेल, तर चपलेच्या पट्ट्याखालीही पाहा. कमावलेल्या चामड्यात आणि सिमेंटमध्ये क्रोमियम असतं.

मेडिकलवरून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मनाने लावू नका. कातडी पातळ होते, खरं कारणही झाकलं जातं. वसमतची हळद कितीही उत्तम असली, तरी चिरलेल्या त्वचेवर तिचा लेप नको.

कामावर छातीत घरघर होते आणि सुट्टीत बरं वाटतं, असं असेल तर दम्याची शंका घेऊन लगेच डॉक्टरांना दाखवा. दम लागून बोलताही येत नसेल, तर थेट रुग्णालय गाठा.

त्वचेसाठी पॅच टेस्ट करतात. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात, त्या काढल्यावर पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. जाताना तुम्ही हाताळता त्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो न्या, आणि हातमोज्यांच्या खोक्याचाही.